मानेचा तुकडा

"तुझं बरं आहे बाय. ब्राझीलहून आलीस, बर्फात झोपून आलीस, कुणी राहायचा इकामा विचारला नाही, जामीन राहणारा कफील विचारला नाही. आणि आता माझ्याच ओट्यावर पाय पसरून पडलीस."

आमिना फ्रिजच्या दाराआड कोथिंबीर शोधत होती. तिनं दार तसंच धरून ठेवलं. ओट्यापाशी तिचा नवरा हाशम नाकावर दोरीचा चष्मा चढवून साडेसहा किलोच्या टर्कीचे पाय सुतळीनं बांधत होता. आणि बोलत होता तो टर्कीशी. गेल्या दोन आठवड्यांत घरातल्या चालत्याबोलत्या माणसांशी त्याचं धड एक वाक्य झालं नव्हतं. "हो", "नाही", "यल्ला, जेवू या" एवढ्यावर त्याचा संसार चालला होता.

"काय म्हणता?" तिनं दार लावत विचारलं.

हाशम दचकला. "कुठं काय? सुतळी पुरत नाही म्हटलं."

"एवढा वेळ सुतळीवर बोलत होता?"

"लांब आहे सुतळी," हाशम म्हणाला आणि पुन्हा टर्कीवर वाकला.

आमिनानं पुढं विचारलं नाही. त्याचं गुपित तिला दहा दिवसांपूर्वीच कळलं होतं, आणि ते आपल्याला कळलंय हे तिचं गुपित होतं. एका घरात दोन माणसांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवायची म्हणजे फार दमायला होतं. आमिना दमली होती.

गोष्ट अशी होती. सौदीतल्या खोबर शहराच्या बाजारात, सूकमध्ये, चष्म्याच्या दुकानात हाशम एकोणतीस वर्षं काउंटरमागं उभा होता. उन्हाळ्यात फर्मान निघालं, की नोव्हेंबरच्या नऊ तारखेपासून चष्म्यांच्या आणि घड्याळांच्या दुकानांत शंभरातली सत्तर माणसं सौदी हवीत. त्या दुकानात माणसं होती एकूण तीन. हाशमनं तेव्हा जेवताना बोटांवर हिशेब करून दाखवला होता. "तिघांतले सत्तर टक्के म्हणजे दोन सौदी आणि एका सौदीचा दहावा भाग. उरतो नऊ दशांश हाशम. आता मला सांगा, नऊ दशांश माणसाचा इकामा कसा काढतात?" सगळे पोट धरून हसले होते. तेव्हा नोव्हेंबर लांब होता.

नऊ नोव्हेंबर आला आणि गेला. हाशमनं पुन्हा तो विनोद केला नाही. मग एका सकाळी गावाहून भीमाबाईचा फोन आला. साखरतरला हाशमनं बांधलेलं दुमजली घर वीस वर्षं बंद होतं आणि भीमाबाई ते दर शुक्रवारी झाडत होती.

"बाय, शेट बोलले गाद्या उन्हात घाल. पंप चालू करून बघ. वरच्या खोलीतली वटवाघळं हाकल. पाच डिसेंबरला दोन माणसं येणार म्हणाले. आणि आमिनाला सांगू नको म्हणाले. म्हटलं, खरंच सांगायचं नाही काय, ते तुलाच विचारून घ्यावं."

"नको सांगू," आमिना म्हणाली होती.

"बरं. नाही सांगत," असं म्हणून भीमाबाईनं फोन ठेवला.

दोन माणसं. आमिना बाल्कनीत वाळत घातलेल्या टॉवेलाला धरून बराच वेळ उभी राहिली. समोरच्या इमारतीवरच्या एसींचे डबे घरघरत होते, खाली शाळेची बस हॉर्न देत होती, आणि बसमधून तिची नात उतरत होती. तिसऱ्या मजल्यावर हाशम-आमिना आणि पहिल्या मजल्यावर मुलगा तल्हा, त्याची बायको सफूरा आणि त्यांची दोन पोरं. मधे एकोणचाळीस पायऱ्या. धाकटा जाफर त्या पायऱ्या मोजत मोजतच आकडे शिकला होता. आता मधे अख्खा समुद्र येणार होता, आणि तो मोजायला पोराला कुणी शिकवलं नव्हतं.

पण तिनं तोंड उघडलं नाही, त्याला कारण होतं. हा माणूस सत्तावीस वर्षं गावाची माळ जपत आलेला. त्याला हवं तेच झालं होतं. आपण रडून त्याचं सुख कशाला नासवायचं? त्यानं सांगितल्यावर तोंड कसं हसरं करायचं, याचा सराव ती मोरीतल्या आरशासमोर करून बघत होती. अजून जमत नव्हतं. डावी बाजू हसायची, उजवी ऐकायची नाही.

*

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार हा या घरात ईदेखालोखालचा दिवस कसा झाला, ते शेजारच्या केरळी बिऱ्हाडाला अजून समजलेलं नाही. ती करामत क्रेगबाईची.

एक्याण्णव साली, आखातातली लढाई संपून तेलाचा धूर नुकता खाली बसला होता तेव्हा, तेलवाल्यांच्या कॅम्पात शिकवणारी ही अमेरिकन बाई बुधवारी संध्याकाळी तुटका चष्मा घेऊन दुकानात आली. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे वीस माणसं जेवायला होती आणि चष्म्याशिवाय तिला मीठ आणि साखर यांतला फरक दिसत नव्हता. हाशमनं दुकान बंद झाल्यावर बसून बिजागरी जोडून दिली आणि पैसे घेतले नाहीत. आठवड्यानं बाई स्वतः घरी आली, गोठवलेली टर्की कडेवर घेऊन, मूल आणावं तशी. तिनं सांगितलं, आमच्या सणाला या पक्ष्याभोवती घरच्या सगळ्यांनी बसायचं, आणि प्रत्येकानं यंदा आपल्याला काय मिळालं त्याचा शुक्र करायचा, वरच्याचे आभार मानायचे. आणि जो ताटावर बसून कुरकुर करील त्याला मानेचा तुकडा.

हाशमचं इंग्रजी तेव्हा चार वाक्यांचं होतं: वर बघा, खाली बघा, हे बरं की ते बरं, एक की दोन. बाईनं ते मानेचं हसत हसत सांगितलं होतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्याला वाटलं, हीच त्या सणाची मूळ रीत. त्यानं आमिनाला तसंच सांगितलं आणि आमिनानं ते कायद्यासारखं लावलं. शुक्र करायचा, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत. बोलताना वाईट शब्द नाही, रडगाणं नाही. केलं तर मान.

तल्हानं दोन हजार आठ साली भात कच्चा म्हटला म्हणून मान खाल्ली होती. हम्माद जावई म्हणून पहिल्याच वर्षी आला आणि "गर्मी फार आहे हो" एवढंच बोलला. त्यालाही सोडलं नाही. परवा नात रुमानानं इंटरनेटवर शोधून जाहीर केलं, "दादी, मानेचं कुठेच नाही लिहिलंय. नोबडी डझ दॅट."

"इंटरनेटला काय ठाऊक क्रेगबाईच्या घरची रीत," आमिना म्हणाली आणि विषय मिटला.

बाकी टर्की केव्हाच साखरतरची झाली होती. आलं, लसूण, हिरवी मिरची, ओलं खोबरं, खसखस यांचं वाटण आतबाहेर चोपडायचं. क्रेगबाईनं आंबट लाल फळांचा मुरंबा सांगितला होता, त्याच्या जागी आमसुलाची चटणी. भोपळ्याच्या 'पाय' नावाच्या गोडाच्या जागी भोपळ्याची खीर, आणि सोबत तांदळाच्या भाकऱ्या. घरच्या ओव्हनमध्ये टर्कीचे पाय बाहेर राहायचे म्हणून ती कोपऱ्यावर मंदी, म्हणजे मटण-भात, विकणाऱ्या यमनी मंदीवाल्याकडे जायची. तो तिला आपल्या जमिनीतल्या भट्टीत बकऱ्यांच्या शेजारी टांगायचा आणि दर वर्षी विचारायचा, "ही कोंबडी आजारी होती का? एवढी सुजलीय."

आणि सगळ्यांत शेवटी, थोरला म्हणून, हाशम शुक्र करायचा. त्याचं शेवटचं वाक्य पोरांना पाठ होतं. "आणि पुढल्या साली गावाला, आपल्या घरी, इन्शाअल्लाह." सगळे "आमीन" म्हणायचे आणि टांगेवर तुटून पडायचे. सत्तावीस वेळा आमीन झालं होतं. त्या वाक्यावर कुणाचा विश्वास नव्हता, म्हणून ते ऐकायला सगळ्यांना आवडायचं.

*

दुपारी हाशम, तल्हा आणि जाफर टर्कीचं पातेलं घेऊन मंदीवाल्याकडे गेले आणि घरात बायका राहिल्या.

तल्हाची बहीण सहर सकाळच्या विमानानं जेद्दाहून आली होती, एकटीच. हम्मादला हॉस्पिटलात ड्यूटी होती. आल्या आल्या तिनं सफूराला मिठी मारली आणि आमिनाला संशय आला. या नणंद-भावजयी ईदेलासुद्धा खांद्याला खांदा लावून मोकळ्या व्हायच्या.

"भाभी, तू बस. मी चिरते कांदा," सहर म्हणाली.

"नको गो, तू प्रवासातून आलीस. दमली असशील."

"भाभी, तुझ्या हाताची भाकरी केवढी गोल होते!"

आमिना जमिनीवर पाट्यापाशी बसून आमसुलं वाटत होती. तिनं वरवंटा थांबवला. "तुमचं भांडण झालंय का?"

"नाही गं अम्मी!" दोघी एका सुरात.

"मग काय झालंय?"

दोघी पुन्हा एकदमच कामाला लागल्या. आमिना मनात म्हणाली, यांनाही सांगितलंय. जेद्दाच्या लेकीला सांगितलं, खालच्या सुनेला सांगितलं, भीमाबाईला सांगितलं. मंदीवाल्यालाही सांगितलं असेल. मीच तेवढी राहिले.

थोड्या वेळानं सहर पाट्याशेजारी येऊन बसली. या पाट्याचं वजन तिच्या लग्नातल्या दागिन्यांहून जास्त भरलं असतं. एकोणनव्वद साली आमिना पहिल्यांदा इथं आली तेव्हा तिनं तो हातातल्या पिशवीतून आणला होता. मुंबईच्या कस्टमवाल्यानं तो तीनदा ठोकून बघितला आणि शेवटी विचारलं, "बाई, सौदीत दगड नाहीत का?"

"अम्मी, या पाट्याच्या चटणीला तोड नाही," सहर म्हणाली. तिनं उभ्या आयुष्यात त्या पाट्याला पाय सोडून काही लावलं नव्हतं.

भाकरी थापता थापता सफूराचे कान उभे राहिले. "रुमानाला पण फार आवडतो हा पाटा. कालच म्हणत होती."

"रुमानाला? तिला नूडल्स आवडतात."

"नूडल्सवर पण चटणी लागतेच की."

"भाभी, तुझ्याकडे मिक्सर आहेत. दोन."

"आणि तुला जेद्दाला विमानानं कसा नेता येईल? सामान किती भरेल?"

"अम्मीनं नाही का आणला? मीही नेईन. हातातून."

"अगो, पण पाटा चाललाय कुठं?" आमिनानं विचारलं.

सफूरानं भाकरी उलटली ती आधीच उलटलेली होती.

"कुठं नाही, अम्मी," सहर म्हणाली.

"कुठंच नाही," सफूरा म्हणाली.

"बरं झालं," आमिना म्हणाली आणि पुन्हा वाटू लागली. दोघी भांडल्या म्हणून तिला जरा हायसं वाटलं. घर अजून जागेवर होतं. मग वरवंटा फिरवता फिरवता सहज बोलल्यासारखं म्हणाली, "कधी जायचीच वेळ आली, तर पाटा एकीकडे आणि वरवंटा दुसरीकडे. म्हणजे चटणी करायला तरी तुम्ही एकमेकींच्या घरी जाल."

सहर झटकन उठून मोरीत गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला.

आमिना हाशमचा कोट उचलून खुंटीला लावायला गेली तेव्हा खिशात काही टोचलं. एक छोटीशी लाल फ्रेम होती, लहान मुलाच्या मापाची. तिला माहीत होतं ती कुणाची. घरातल्या प्रत्येकाचा चष्मा हाशमनं स्वतः बसवला होता. फक्त जाफरचा बाकी होता, पोराचे डोळे अजून चांगले होते म्हणून. "या घरात कोण सुटलंय? आठव्या वर्षी लागेलच," असं म्हणून हाशमनं ती लाल फ्रेम दुकानाच्या खालच्या खणात त्याच्या नावानं ठेवून दिली होती. ती आज घरी आली होती. म्हणजे खण रिकामा झाला होता.

तिनं फ्रेम पुन्हा खिशात ठेवली आणि आरशासमोर जाऊन एकदा हसून बघितलं. आज दोन्ही बाजूंनी नकार दिला.

*

मगरिबच्या नमाजानंतर हॉलमध्ये जेवायला प्लास्टिकचा सुफ्रा अंथरला. मधे टर्की, वाटणानं हिरवीतपकिरी, एक पंख मंदीवाल्याकडच्या बकऱ्याला चिकटून थोडा फाटलेला. तिच्या शेजारी एका वेगळ्या बशीत मान. ती बशी दर वर्षी तिथंच असायची आणि सगळे तिच्यापासून दोन बोटं लांब बसायचे.

तल्हा आल्यापासून वायफायच्या डब्याशी खटपट करत होता. वायफाय उत्तम चालू होतं. तो समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि स्वतःबद्दल म्हणायचा, "माझ्या जागेवरचा सौदी अजून कॉलेजात आहे. तोपर्यंत मी आहे." आज त्यानं तेही म्हटलं नाही. बापाकडे त्याची नजर जात होती आणि अर्ध्या रस्त्यातून परत येत होती.

"बसा रे," आमिना म्हणाली. "रुमाना, पंच कोण आज?"

"मी!" रुमाना जांभळा चष्मा वर सारत मांडी घालून बसली. अकराव्या वर्षी तिला नियमांचं फार प्रेम होतं. "रूल नंबर वन, लास्ट इयरचा शुक्र रिपीट नाही करायचा. रूल नंबर टू, कुरकुर केली तर टर्कीची नेक. जाफर, स्टार्ट."

जाफर पाच वर्षांचा. त्याच्या दोन्ही खिशांत चॉकलेटं होती, आणि इतकी चॉकलेटं त्याला कुणी उगाच देत नसे. तो छाती काढून उभा राहिला.

"थँक यू अल्लाह," तो म्हणाला, "मैंने किसी को कुछ नहीं बताया."

सफूराला ठसका लागला. सहरनं तिच्या पाठीवर थापट्या मारल्या, जरा जास्तच जोरात.

"शाबास," आमिना म्हणाली. "काय नाही सांगितलंस?"

जाफरनं आईकडे बघितलं, आत्याकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटले. सगळ्या घरात तेवढं एकच पोर दिलेला शब्द पाळणारं निघालं.

"नेक्स्ट!" रुमाना म्हणाली. "मी. शुक्र की माझे मॅथ्समध्ये मार्क्स वाढले. आणि शुक्र की... आणि बस. खलास." तिनं "आणि" नंतरचं गिळलं ते आमिनाला दिसलं. "मम्मा?"

सफूरानं ओढणी सारखी केली. "शुक्र की... शाळेला उन्हाळ्यात अडीच महिने सुट्टी असते. आणि हिवाळ्यात पण असते. आणि मुंबईचं विमान फक्त साडेतीन तासांचं आहे."

"मम्मा, ते तर दर वर्षी असतं. हे कसलं शुक्र?"

"असतं, पण मी कधी केला नव्हता ना शुक्र."

"ओके. फुपी?"

सहरनं दिवसभर बहुधा हेच पाठ केलं होतं. "शुक्र की आता व्हिडिओ कॉलवर माणूस अगदी समोर बसल्यासारखं दिसतं. चटणी वाटताना वरवंटासुद्धा दिसतो." शेवटच्या शब्दाला तिचा आवाज चिरकला. हाशमनं ताटातली भाकरी चार घड्या करून ठेवली.

"पपा?"

तल्हा डब्याकडून नाइलाजानं वळला. "शुक्र की आपलं घर रस्त्याला लागून आहे. दवाखाना दहा मिनिटांवर आहे. पंप पण चालू झालाय."

"कुठलं घर?" रुमानानं विचारलं. "आपल्या घराला पंप कुठे आहे? आपण तर फ्लॅटमध्ये राहतो."

"अगं, जनरल. कुठलंही घर."

"पपा, तुम्ही जनरल पंपाचा शुक्र करताय?"

आता आमिनाची पाळी होती. तिनं आठ दिवस एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. सगळ्यांची तब्येत चांगली आहे त्याचा शुक्र. ते पुढं आलंच नाही. सात माणसं, सहा चष्मे, आणि समोरचे सहा जोड्या डोळे तिच्याकडून काही न कळण्याची विनवणी करत होते. ही कसली मेहरबानी, ती मनात म्हणाली. मी न कळण्याची जबाबदारीसुद्धा माझ्यावरच.

"शुक्र," आमिना म्हणाली, "की भीमाबाईचा फोन लागतो."

तल्हानं डोळे मिटून घेतले. सफूरानं सहरकडे बघितलं, सहरनं छताकडे. जाफर पुटपुटला, "मैंने नहीं बताया," आणि एक चॉकलेट पुरावा म्हणून आईला परत दिलं.

हाशम हळूच म्हणाला, "कधी?"

"आज दहा दिवस झाले. तुम्ही तिला म्हणालात, आमिनाला सांगू नको. तिनं मलाच फोन करून विचारलं, खरंच सांगायचं नाही का म्हणून."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, नको सांगू."

हाशमच्या चेहऱ्यावर काय आलं ते नक्की सांगता येत नाही. हसू असावं, पण अर्ध्यात राहिलं. वाईट बोलायचं नाही हा नियम होता, आणि वाईटाशिवाय कुणाकडे काही उरलं नव्हतं. टर्कीची वाफ जिरत चालली.

"दादा, लास्ट," रुमाना म्हणाली. आवाज पंचाचा, पण जरा कापरा.

हाशमनं घसा साफ केला. "शुक्र," तो म्हणाला, "की एकोणतीस वर्षं डोळे तपासले. हजारो डोळे. एकाही माणसाला चुकीचा नंबर दिला नाही. एक मौलवी सोडून, पण त्यानं खोटं सांगितलं होतं. शुक्र की काउंटरवर आलेली ती नवी सौदी पोरगी हुशार आहे. तिला सगळं शिकवून आलो. चांगली शिकली. पहिल्या दिवशी फ्रेम धरताना तिचे हात थरथरत होते. माझेही थरथरायचे." तो थांबला. "शुक्र."

सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. ते आलं नाही.

"दादा, यू फरगॉट," रुमाना म्हणाली. "पुढल्या साली वाली लाइन."

"पुढल्या साली गावाला," जाफरनं मदत केली, "आपल्या घरी, इन्शाअल्लाह." आणि स्वतःच "आमीन" म्हणून त्यानं दोन्ही हात तोंडावरून फिरवले. त्याच्यामागून आमीन म्हणायला कुणीच आलं नाही.

हाशमनं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. एकोणतीस वर्षं हा माणूस गिऱ्हाइकांना ओरडत आला होता, सदऱ्यानं काच पुसू नका, ओरखडे पडतात. आमिना त्याच्या बोटांकडे बघत होती. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, आणि इतका वेळ तिनं त्याला चष्म्याशिवाय कधी बघितलं नव्हतं. नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन लाल खळगे पडले होते. गावाला जायला मिळतंय म्हणून खूश झालेल्या माणसाचं हे तोंड नव्हतं. दहा दिवस ती आरशात आपलंच तोंड बघत राहिली होती, म्हणून समोरचं निसटलं होतं.

ती गुडघ्यावर सरकत त्याच्यापाशी गेली. त्याच्या हातातून चष्मा घेतला, त्याच्या कानांवर नीट बसवला, जसा तो इतरांच्या बसवायचा, दोन बोटांनी, नाकावर न दाबता.

"अहो, इकडे बघा," ती म्हणाली. "घाई नाही. तुम्ही गिऱ्हाइकाला काय सांगता? मला खूश करायला बोलू नका, दिसतं ते बोला. असंच ना?"

हाशमनं मान हलवली.

"मग सांगा. हे बरं की ते बरं? एक की दोन?"

हाशमनं एकदा सुफ्र्याभोवती नजर फिरवली. जाफरच्या उघड्या, बिनचष्म्याच्या डोळ्यांपाशी ती जरा रेंगाळली. मग त्यानं हात लांब केला, टर्कीवरून पलीकडे नेला, आणि ती वेगळी ठेवलेली बशी पुढं ओढली. मानेचा तुकडा उचलून त्यानं स्वतःच्या ताटात ठेवला.

"दादा, तुम्ही तर काही बोललात पण नाही," रुमाना कुजबुजली.

"बोलतोय," हाशम म्हणाला. "मला जायचं नाही. सत्तावीस वर्षं म्हणत आलो, कारण कुणी जा म्हणत नव्हतं. मला गावाला जायचं नाही, आमिना."

मग आमिनानं आपलं ताट उचलून त्याच्या ताटाला लावलं.

"त्यातली अर्धी इकडे द्या," ती म्हणाली.